घेवडा आणि हावळ सर

"पेन इकडं दे," थोरवत मॅडम म्हणाल्या.

मी दिलं.

"दुसरं?"

"दुसरं नाहीये, मॅडम."

"वेणीत खोचलंयस ते."

वेणीतलंही गेलं. मग मॅडमनी टेबलाखालून एक कापडी पिशवी काढली, माझ्यासमोर परात सरकवली आणि पिशवी तिच्यात उपडी केली. घेवडा. ताजा, हिरवागार, आणि बघूनच छाती दडपावी इतका.

"यास्मिन येईल आता. तिला लिहायचंय. तू हे निवडायचं. दोन्ही कडांच्या शिरा काढायच्या, मोडून परातीच्या या बाजूला टाकायचं. पेनाला हात लावायचा नाही, कागदाला तर त्याहून नाही. आणि सांगायचं नाही. विचारायचं."

"मग मी करायचं काय, मॅडम?"

"तेच बघायचंय," असं म्हणून मॅडम उठल्या, माझी दोन्ही पेनं पर्समध्ये टाकली आणि तासाला निघून गेल्या.

आमचं कॉलेज हिरण्यकेशीच्या काठच्या गावातलं. थोरवत मॅडम तिथं मराठी शिकवायच्या. त्या वर्षी त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून कवायतीच्या सामानाची एक खोली रिकामी करून घेतली होती आणि तिच्या दारावर 'लेखन मदत कक्ष' अशी पाटी लावली होती. ज्याला काही लिहायचं असेल, निबंध म्हणा, अर्ज म्हणा, प्रकल्पाचा अहवाल म्हणा, त्यानं तिथं यायचं आणि त्याला मदत करायची ती दुसऱ्या विद्यार्थ्यानं. शिक्षकांनी नाही. नियम एकच होता, पण तो मात्र अगदी कडक होता. मदत करणाऱ्यानं स्वतः एक अक्षरही लिहायचं नाही. आता माणसाचा हात मोकळा असला की तो पेनाकडे जाणारच, यावर मॅडमची गाढ श्रद्धा. म्हणून त्या हाताला काम देत. मॅडमच्या घरी संध्याकाळी जी भाजी व्हायची असेल ती दुपारी कक्षात यायची. कधी मेथी, कधी मटार, कधी लसूण. थोरवतबाईंनी फुकटात मोलकरणी ठेवल्या, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. पोरं तर त्याला सरळ 'भाजी कक्ष' म्हणायची.

आणि मला त्या भाजी कक्षात शिरायचं होतं. अगदी जीव टाकत होते म्हणा ना.

मी गिरिजा शिंत्रे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजात लेखणी म्हणून काही चालायची ती माझी. सूत्रसंचालन माझं, फळ्यावरचा सुविचार माझा, निरोप समारंभात सगळ्यांना रडवणारं भाषण, बोलणारा कुणीही असो, लिहिलेलं माझं. माझा माफीनामा तर तालुक्यात गाजलेला होता. 'माझ्या हातून अनवधानाने घडलेल्या अनुचित वर्तनाबद्दल मी अंतःकरणाच्या गाभाऱ्यातून दिलगिरी व्यक्त करतो.' खिडकीची काच फोडलेला असो की तासाला कोंबडा आरवल्याचा आवाज काढलेला असो, सगळे हाच द्यायचे. प्राचार्य कित्तूरकर सरांना तो पाठ झाला होता. पोरगं 'माझ्या हातून' म्हणालं की सर डोळे मिटून 'गाभाऱ्यातून' पर्यंत स्वतःच पूर्ण करायचे.

कक्षात काम करणाऱ्यांपैकीच एकाला वार्षिक अंकाचं संपादक करणार, असं मॅडमनी जाहीर केलं होतं. संपादकाचा फोटो पहिल्या पानावर येतो. त्या फोटोसाठी मावशीची मोरपंखी साडी मी मनातल्या मनात नेसूनसुद्धा बघितली होती. पण मॅडम काही मला घेईनात. "तुला लिहिता येतं, हीच अडचण आहे," म्हणायच्या. हे म्हणजे पोहता येणाऱ्याला नदीकाठी उभं करण्यासारखं. मी इतकी भुणभुण लावली की शेवटी कंटाळून म्हणाल्या, "बरं. एकदा बसून दाखव."

ते एकदा म्हणजे हे. आणि समोर येणार होती यास्मिन नदाफ.

यास्मिनला कोण ओळखत नव्हतं? कुस्ती खेळायची. बाबांचं बाजारपेठेत गाद्या भरायचं दुकान, त्यामुळे लहानपणापासून अंगाला ओझ्याची सवय. पण कालपासून ती वेगळ्याच कारणानं गाजत होती. काल सकाळी, ऐन मधल्या सुट्टीत, क्रीडा विभागाच्या खोलीतून ती बाहेर आली ती खांद्यावर हावळ सरांना घेऊन.

हावळ सर म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक. भरघोस मिशा, गळ्यात शिट्टी, आणि 'सावधान' म्हणाले की कँटीनमधला चहावालासुद्धा ताठ व्हायचा. असे हावळ सर यास्मिनच्या खांद्यावर होते. तिनं त्यांना तसंच अख्ख्या मैदानातून नेलं, कुंपणाच्या भिंतीवर बसवलं आणि शांतपणे परत गेली. सर भिंतीवर पाय वर घेऊन बसलेले, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. सगळं कॉलेज बघत होतं. आधी एक जण फिसकन हसला, आणि मग जो काही हशा पिकला! तेव्हा सर भानावर आले आणि भिंतीवरूनच गरजले, "नदाफ! काय थट्टा चालवलीय ही?"

नेमके कित्तूरकर सर वरच्या सज्जात चहा पीत उभे होते.

त्यांनी यास्मिनला बोलावून सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा. स्वतःच्या शब्दांत. "शिंत्रेचा गाभारा चालणार नाही," असंही म्हणाले म्हणे. खुलासा पटला तरच तिचं नाव विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणार, नाहीतर नाही. नावांची यादी त्याच संध्याकाळी जायची होती आणि यास्मिनचं हे शेवटचं वर्ष. वर्षभर ती त्या एका स्पर्धेसाठी पहाटे उठून माती अंगाला लावत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

यास्मिन आली. ट्रॅकसूटमध्ये, केस घट्ट बांधलेले. खुर्ची ओढून बसली, टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे बघितलं, मग परातीकडे.

"घेवडा हाय व्हय आज?" म्हणाली.

"हो. तू लिही, मी निवडते."

"काय लिहू?"

सांगायचं नाही, विचारायचं. ठीक आहे. मी काही कमी नव्हते. घेवडा मोडता मोडता मी गोड आवाजात म्हणाले, "तुला असं म्हणायचंय का, की 'माझ्या हातून घडलेल्या अविवेकी कृत्याने माझे मन पश्चात्तापाच्या अग्नीत होरपळत आहे'?"

प्रश्नच होता तो. शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

यास्मिननं माझ्याकडे बघितलं. "न्हाई," म्हणाली.

"मग असं म्हणायचंय का, की 'क्षणिक आवेगाच्या भरात'?"

"आवेग म्हंजे?"

"म्हणजे राग समज."

"राग कुठं आलता मला?"

"मग 'थट्टेच्या ओघात, मर्यादेचे भान सुटून'?"

"थट्टा न्हवती ती."

मी शेंगांवर शेंगा मोडत होते. एकेक वाक्य असं की ऐकणाऱ्यानं झेलून घ्यावं, आणि ही पोरगी ते टाकून देत होती. माझा तोल जायला लागला.

"हे बघ यास्मिन, दोन ओळी माफीच्या लिहून टाक की! कित्तूरकर सर काय वाघ आहेत? सही करतील, तू जाशील स्पर्धेला. सगळे लिहितात!"

"सगळ्यांनी काचा फोडल्या असत्यात," ती शांतपणे म्हणाली. "मी माफी मागितली म्हंजे मी सरांच्या अंगावर गेलो असं व्हतंय. कागदावर तसं ऱ्हायलं म्हंजे ऱ्हायलं. हावळ सरांनी मला पहिली पकड शिकवली. घरी येऊन अब्बांच्या मिनत्या केल्या, पोरीला खेळू द्या म्हणून. त्यांच्या अंगावर जाईन व्हय मी?"

"मग खरं काय झालं ते लिही!"

"ते न्हाई लिहायचं."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते बी सांगितलं तर शब्द काय ऱ्हायला मग?"

मी हातातली शेंग चुरगळून परातीत फेकली. काय करायचं आता अशा मुलीचं? खोटं लिहायचं नाही, खरं सांगायचं नाही, आणि कागद कोरा देऊन चालायचं नाही. खिडकीतून मैदान दिसत होतं, त्यापलीकडे ती भिंत. यास्मिन तिकडेच बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण गालावर काही येऊ देत नव्हती. मला एकदम वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याआधी मला तिच्याबद्दल काहीच वाटलं नव्हतं, माझं सगळं लक्ष माझ्या वाक्यांकडे होतं.

आणि गंमत म्हणजे माझ्याकडे द्यायला एकही वाक्य उरलं नव्हतं. वर्षानुवर्षं पाणी ओतणारा नळ एकदम कोरडा पडावा तसं झालं. मग मी जे विचारलं ते काही कक्षासाठी नाही, संपादकपदासाठीही नाही. मला ते कालपासून खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"यास्मिन, सरांना उचललंस कसं गं? केवढे आहेत ते!"

तिचा चेहराच बदलला.

"त्यात काय! उचलायच्या बी तऱ्हा असत्यात. फेकायला उचलायचं तर पकड हितं, कमरंला. मी तशी घेतलीच न्हाई."

"मग कशी घेतलीस?"

"ऊठ. दावतो."

मी 'अगं नको' म्हणेपर्यंत जमीन माझ्यापासून लांब गेली होती. मी तिच्या खांद्यावर होते, डोकं मागच्या बाजूला लोंबतंय, वेणी खाली, आणि कक्षाची फरशी उलटी दिसतेय. दोन शेंगा माझ्या मांडीवरून तिच्या पाठीवर पडल्या.

"ही अशी," यास्मिनचा आवाज खालून कुठून तरी आला. "तालमीत कुणाचा पाय मुरगळला, का कुणाला चक्कर आली, तर असं घ्यायचं. एक हात गुडघ्यामागं, एक हात मनगटाला. माणसाला दुखत न्हाई."

"नाही दुखत," मी उलट्या तोंडानं कबूल केलं. "सर काय म्हणाले तेव्हा?"

"काय न्हाई. माझी वेणी धरून बसले. गच्च."

"आणि दारातून कशी गेलीस? चौकट केवढीशी आहे!"

"वाकलो की! सरांचं डोस्कं लागलं असतं."

"मग भिंतीवर कशाला? खाली उतरवायचं ना!"

"खाली पाय टेकवंनात तर काय करू? मी दोनदा…" वाक्य तिथंच तोडलं तिनं.

तिनं मला अलगद खुर्चीत ठेवलं. माझं डोकं अजून फिरत होतं, पण एवढं कळलं. पाय टेकवेनात. वेणी गच्च धरून बसले. मिशीवाले हावळ सर कशाला तरी घाबरले होते! माझ्या तोंडून हसू फुटणार तेवढ्यात यास्मिननं माझ्यापुढे हात जोडले.

"गिरिजा, इचारू नको. तुझ्या पाया पडतो."

कशाला घाबरले, हे विचारायला माझी जीभ अशी काही वळवळत होती की सांगून सोय नाही. एरवी मी ते तिच्याकडून काढून घेतलंच असतं आणि संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये त्याचा पोवाडा झाला असता. पण तिचे जोडलेले हात बघितले आणि मी ओठ घट्ट मिटले.

"नाही विचारत," मी म्हणाले. "पण मला एक सांग. सांगायचं नाही ते एवढंच ना? का उचललंस, एवढंच?"

"व्हय."

"आणि कसं उचललंस, ते सांगितलं तर शब्द मोडतो?"

तिनं विचार केला. चांगला वेळ घेऊन केला. "न्हाई. ते तर सगळ्यांनी बघितलंय."

"बघितलंय कुठं? वेणी धरलेली दिसली का कुणाला? वाकलीस ते दिसलं?"

यास्मिननं पेन उचललं.

ती लिहायला लागली. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, कागदावर असा जोर की खालच्या टेबलावर उमटावं. मी टेबलाच्या अलीकडून उलटी अक्षरं वाचत होते आणि माझा जीव कासावीस होत होता. एवढी उघडी वाक्यं! एकाही विशेषणाचा आधार नाही! एका ठिकाणी 'अलगदपणे' किती छान बसलं असतं. माझा हात दोनदा टेबलावरून पुढं गेला आणि दोनदा मी तो मागे घेतला. ती थांबली की मी विचारायचे, "पुढं काय झालं?" आणि ती सांगायची, आणि मी म्हणायचे, "हे आत्ता तोंडानं म्हणालीस तेच." याशिवाय मी काही म्हणजे काही केलं नाही.

शेवटचं वाक्य लिहून तिनं कागद माझ्यापुढे फिरवला. मी ते वाचलं आणि दचकले.

"हे ठेवायचं?"

"खरं हाय की."

"सर चिडले तर?"

"चिडू देत."

"मग ठेव," मी म्हणाले.

प्राचार्यांच्या खोलीत मी का गेले? मला कुणी बोलावलं नव्हतं. पण त्या कागदाला एकटं सोडवेना. आत कित्तूरकर सर टेबलामागे, समोर स्पर्धेच्या नावांची यादी, आणि बाजूला हावळ सर पाठीमागे हात बांधून उभे. मिशा नेहमीसारख्याच, पण नजर खिडकीबाहेर.

"शिंत्रे, तू?" प्राचार्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे गाभारा आलाच."

"नाही सर. मी फक्त घेवडा निवडला."

ते कागद उलगडून मोठ्यानं वाचायला लागले.

"'मी सरांना उचलले हे खरे आहे. फेकायला उचलतात तेव्हा पकड कमरेला असते. मी तशी घेतली नाही. तालमीत कुणाला लागले तर जसे नेतात तसे नेले. दारात सरांचे डोके लागू नये म्हणून मी वाकले. भिंतीवर बसवायच्या आधी हाताने भिंत झाडली.'"

इथं ते थांबले. तेच वाक्य त्यांनी परत एकदा, मनातल्या मनात वाचलं. मग पुढे गेले.

"'आत राहिलेला बूट नंतर नेऊन दिला. का उचलले ते मी सांगणार नाही, कारण मी शब्द दिला आहे. ज्यांना दिला त्यांनी सोडवले तर सांगेन. मी थट्टा केलेली नाही. मी माफी मागत नाही, कारण परत तशी वेळ आली तर मी सरांना परत उचलीन. यास्मिन नदाफ.'"

कित्तूरकर सरांनी कागद टेबलावर ठेवला आणि बोटानं सरळ केला.

"हावळ सर," ते म्हणाले, "भिंत झाडून कुणी थट्टा करत नाही. हा शब्द तिनं कुणाला दिलाय, तुम्हाला काही माहिती?"

यास्मिन पटकन म्हणाली, "सर, माझं नाव न्हाई गेलं तर ऱ्हाऊ दे. इचारू नका त्यास्नी."

त्या वाक्यानं काम केलं. हावळ सर खिडकीकडून वळले. त्यांचा तो 'सावधान'वाला आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"मला दिलाय, सर," ते म्हणाले. "पाल होती."

"काय होती?"

"पाल, सर. वरून मॅटवर पडली. माझ्या आणि दाराच्या मध्ये. मला… मला लहानपणापासून पाल चालत नाही, सर. हातपाय गळतात. मीच म्हणालो हिला, उचल. आणि मीच म्हणालो, कुणाला सांगू नकोस." मग खाली बघत, "भिंतीवरून ओरडलो ते मात्र… पोरं हसायला लागली होती, सर."

मी गाल आतून चावून धरले होते. हसले असते तर त्या क्षणी माझ्यासारखी नालायक मीच. बाकी हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही, दोन्ही एकदम. कित्तूरकर सर मात्र हसले नाहीत. त्यांनी अतिशय गंभीर चेहऱ्यानं आधी छताचे चारही कोपरे न्याहाळले. मग टेबलाखालचे आपले दोन्ही पाय हळूच उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले.

"अजून आहे का ती तिथं?" त्यांनी विचारलं.

"मी हाकलली, सर," यास्मिन म्हणाली. "बूट आणायला गेलो तवा."

"छान केलंस," प्राचार्य मनापासून म्हणाले, आणि यादी पुढे ओढून सही केली.

बाहेर आल्यावर हावळ सर यास्मिनशेजारी उभे राहिले. शेवटी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "फार जड होतो का गं?"

"न्हाई सर. गाद्या जड असत्यात."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवून जोरात शिट्टी मारली. मैदानावर कुणीही नव्हतं.

यास्मिन त्या स्पर्धेतून पदक घेऊन आली. त्या वर्षीच्या अंकात तिचा आणि हावळ सरांचा फोटो आहे. सरांचा हात तिच्या खांद्यावर, पाय दोन्ही जमिनीवर. पण ते नंतरचं. मी त्याच संध्याकाळचं सांगत होते.

मी हवेत तरंगतच कक्षात परतले आणि दारातच थबकले. थोरवत मॅडम परातीपुढे बसल्या होत्या. मला घेवड्याची आठवणच राहिली नव्हती! निम्म्याहून जास्त शेंगा तशाच्या तशा पडलेल्या. काही टेबलाखाली लोळत होत्या. मोरपंखी साडी माझ्या डोळ्यांसमोरून घडी घालून कपाटात गेली.

"मॅडम, मी आत्ता करून देते, फक्त…"

"थांब." त्यांनी एक मोडलेली शेंग उचलून उजेडात धरली. "शिरा तशाच आहेत. भराभर मोडल्यात. इथं तू बोलत होतीस."

मी टेबलाखालची एक शेंग उचलून परातीत टाकली.

त्यांनी एक चेंदामेंदा झालेली शेंग चिमटीत घेतली. "इथं चिडलीस."

"हो, मॅडम."

मग त्या अख्ख्या शेंगांकडे आल्या. एकेक उचलून बघितली, जशी काही त्यांच्यावर माझी अक्षरं उमटली होती. "आणि यांना हातच लागलेला नाही."

"विसरले मॅडम. ती सांगत होती आणि मी… भाजी राहून गेली. चुकलं माझं."

मॅडमनी पर्स उघडली, माझी दोन पेनं काढली. एक हातात दिलं. दुसरं, मला वळवून, माझ्या वेणीत होतं तिथं खोचलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बाई गेले कित्येक महिने भाजी निवडून घेत नव्हती. परीक्षा घेत होती. आणि त्या परीक्षेत मन लावून परात रिकामी करणारे सगळे नापास होत होते.

"यादीवर नाव गेलं तिचं?" त्यांनी विचारलं.

"गेलं, मॅडम!"

"कागदात तुझं किती?"

"एक शब्दसुद्धा नाही," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या लिखाणाचा मला इतका गर्व वाटला.

मॅडमनी घेवडा परत पिशवीत भरायला घेतला. दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"उद्या मेथी आहे. वेळेवर ये," म्हणाल्या. आणि मग, जराशा हसत, "आज घरी पिठलं करावं लागणार. पिठलं दिसलं की आमच्या ह्यांना कळतं, कक्षात कुणीतरी नवीन लागलं म्हणून. वर्षभरात दुसऱ्यांदाच होतंय. सणासारखं जेवतील आज."